राउटरला काय कळू नये? : ओएसपीएफमधील स्टब एरिया

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचे बहुतेक शिक्षण हे जोडण्याचे शिक्षण असते. राउटरला शेजारी कसा मिळवून द्यायचा, मार्ग कसे कळवायचे, एक लिंक तुटली तर दुसरी कशी धरायची, हे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. या सगळ्यात एक प्रश्न मागे पडतो : एखाद्या राउटरला काय कळण्याची गरजच नाही? ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमधील स्टब एरिया हे त्या प्रश्नाचे जुने, साधे आणि आजही उपयोगी पडणारे उत्तर आहे. पाठ्यपुस्तके ते दोन-तीन पानांत उरकतात. कमी मेमरीच्या राउटरसाठी केलेली सोय, असे त्याचे वर्णन होते आणि परीक्षेपुरत्या दोन आज्ञा पुढे केल्या जातात. हे वर्णन अपुरे आहे, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. काटकसरीसाठी स्टब एरिया अस्तित्वात आला हे खरे. पण आज त्याचे खरे मोल बिघाडाची हद्द आखून देण्यात आहे, आणि जो ते या दृष्टीने पाहील त्यालाच तो कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये हे नेमके ठरवता येईल.

आधी लिंक-स्टेट पद्धतीचा गाभा पाहू. प्रत्येक राउटर स्वतःच्या लिंक, त्यांची कॉस्ट आणि शेजारी यांची माहिती एका छोट्या जाहीरनाम्यात मांडतो. त्याला एलएसए म्हणतात. तो एलएसए एका राउटरकडून पुढच्याकडे जसाच्या तसा पोहोचवला जातो; ही क्रिया म्हणजे फ्लडिंग. सगळ्यांकडे सारखा डेटाबेस जमला, की प्रत्येक राउटर एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अल्गोरिदमने स्वतःपासून सर्वांत कमी कॉस्टचे मार्ग काढतो. आरआयपीसारख्या आधीच्या प्रोटोकॉलमध्ये राउटर शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो आणि पंधरा हॉपच्या पलीकडचे ठिकाण त्याच्या लेखी पोहोचण्याजोगे नसते. लिंक-स्टेट पद्धतीत प्रत्येकाजवळ स्वतःचा पूर्ण नकाशा असतो. अट एकच : सगळ्यांचे नकाशे सारखे हवेत. या अटीतच पद्धतीचे बळ आहे आणि तिचे दुखणेही. नकाशे सारखे ठेवायचे तर कुठेही झालेला बदल सर्वांना कळवावा लागतो. आणि ज्या वाटेने बदल जातो त्याच वाटेने चूकही जाते.

याचा पुरावा फार लवकर मिळाला. अर्पानेटने १९७९ साली जुनी पद्धत सोडून लिंक-स्टेट पद्धतीचे राउटिंग स्वीकारले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी तेच नेटवर्क कित्येक तास निकामी झाले. एका नोडच्या हार्डवेअरमधील दोषाने बिट गळाले आणि एकाच नोडच्या नावाने वेगवेगळ्या अनुक्रमांकांचे तीन संदेश फिरू लागले. अनुक्रमांकांची तुलना चक्राकार होती, त्यामुळे तिघांपैकी प्रत्येक संदेश दुसऱ्या एखाद्यापेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक नोड ते इमानेइतबारे पुढे पाठवत राहिला आणि त्यांच्या ओझ्याखाली बाकीचे काम थांबले. एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये या घटनेचे केलेले विश्लेषण आजही वाचण्यासारखे आहे. ओएसपीएफने त्यापासून धडे घेतले : त्याचे अनुक्रमांक सरळ रेषेत वाढतात आणि प्रत्येक एलएसएला चेकसम असतो. स्टब एरियाने १९८० चा तो बिघाड टळला असता असा दावा येथे नाही. मुद्दा त्याहून मूलभूत आहे. फ्लडिंग जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत बिघाड पोहोचू शकतो, म्हणून फ्लडिंगला हद्द असणे ही चैन नसून गरज आहे.

जॉन मॉय यांनी लिहिलेले ओएसपीएफचे पहिले विनिर्देश १९८९ साली आरएफसी ११३१ म्हणून आले, दुसरी आवृत्ती १९९१ साली आरएफसी १२४७ म्हणून, आणि आज ज्याला प्रमाण मानले जाते तो आरएफसी २३२८ एप्रिल १९९८ मध्ये. हद्दीची कल्पना त्यात एरियाच्या रूपाने आहे. एरियाच्या आतला तपशीलवार नकाशा आतच राहतो. सीमेवरचा राउटर, म्हणजे एबीआर, त्याचा सारांश टाइप ३ एलएसएमधून बॅकबोनला, म्हणजे एरिया शून्यला, देतो आणि बॅकबोनकडून इतर एरियांचा सारांश आत आणतो. पण या रचनेत एक मोठी वाट उघडी राहिली. बीजीपी, स्टॅटिक राउट किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोटोकॉलमधून ओएसपीएफमध्ये आणलेले बाहेरचे मार्ग टाइप ५ एलएसएमधून फिरतात आणि त्यांना एरियाची सीमा अडवत नाही. ज्याने ते आणले त्या राउटरचा ठावठिकाणा सांगणारे टाइप ४ एलएसएही त्यांच्यासाठी सीमेवर तयार होतात. काही नेटवर्कमध्ये डेटाबेसचा बहुतांश भाग अशा बाह्य मार्गांचाच असू शकतो, हे आरएफसी २३२८ स्वतः नोंदवतो, आणि स्टब एरियाची गरज तो तिथूनच मांडतो.

एरिया स्टब म्हणून ठरवला, की टाइप ५ एलएसए त्यात शिरत नाहीत आणि टाइप ४ तयारच होत नाहीत. त्यांच्या जागी एबीआर एकच सारांश आत सोडतो : ०.०.०.०, म्हणजे डीफॉल्ट राउट. आतल्या राउटरला जे ठाऊक नाही ते सगळे एबीआरकडे जाते. भारतीय टपालाची घडण अशीच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला सहा अंकी पिनकोड पाहा. खेड्यातल्या टपाल कार्यालयाला देशभरच्या कार्यालयांची यादी पाठ असावी लागत नाही. आपल्या हद्दीबाहेरचे पत्र वरच्या वर्गीकरण केंद्राकडे दिले की त्याचे काम संपते. स्टब एरिया या समजुतीला एक पायरी पुढेही नेऊ देतो. इतर एरियांचे टाइप ३ सारांशही एबीआरवर अडवता येतात, आणि मग आतल्या राउटरकडे स्वतःचा एरिया व एक डीफॉल्ट राउट एवढेच उरते. सिस्कोने या प्रकाराला टोटली स्टबी असे नाव दिले. आरएफसीत ते नाव नाही. मात्र स्टब एरियात सारांश कमी करण्याची मुभा एबीआरला स्पष्टपणे दिलेली आहे. तिसरी पायरी म्हणजे एनएसएसए. रॉब कोल्टन आणि व्हिन्स फुलर यांनी १९९४ साली आरएफसी १५८७ मध्ये ती मांडली आणि २००३ साली आरएफसी ३१०१ ने तिची जागा घेतली. यात बाहेरचे टाइप ५ आत येत नाहीत, पण एरियाच्या आत एखादा बाह्य मार्ग असेल तर तो टाइप ७ म्हणून फिरतो आणि एबीआर त्याचे टाइप ५ मध्ये रूपांतर करून बॅकबोनला देतो. या पायऱ्या म्हणजे राउटरने किती जाणावे याची वेगवेगळी मापे आहेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सगळ्यांत प्रचलित आहे : १९९० च्या दशकातले राउटर दुबळे होते, आजच्या राउटरकडे भरपूर मेमरी आहे, तेव्हा ही सोय कालबाह्य झाली. हिशेब करून पाहिला तर आक्षेपात तथ्य दिसते. एक टाइप ५ एलएसए साधारणपणे ३६ बाइटचा असतो. असे दहा हजार एलएसए म्हणजे ३ लाख ६० हजार बाइट. आजच्या यंत्राला हे ओझे नाही. ओएसपीएफ प्रत्येक एलएसए दर ३० मिनिटांनी ताजा करतो, म्हणजे सेकंदाला सहाच्या आत एलएसए. तेही सहज पेलते. शिवाय एखादा बाह्य मार्ग बदलला तर डायक्स्ट्राचे गणित पहिल्यापासून करावे लागत नाही, तेवढाच मार्ग पुन्हा तपासला की पुरते. सुरळीत दिवसाचा हिशेब असा आहे. रचना मात्र वाईट दिवसासाठी करायची असते. इंटरनेटच्या बीजीपी टेबलमध्ये आज आयपीव्ही ४ चे नऊ लाखांहून अधिक मार्ग आहेत. फिल्टर लावायचा राहून एका चुकीच्या आज्ञेने ते सगळे ओएसपीएफमध्ये ओतले गेले, तर नुसते एलएसएच सव्वातीन कोटी बाइटच्या घरात जातात. १५०० बाइटच्या एका पॅकेटमध्ये असे चाळीस एलएसए मावतात. म्हणजे साडेबावीस हजार पॅकेट, त्यांच्या पोचपावत्या वेगळ्या. दोन एमबीपीएसच्या शाखेच्या लिंकवर हा लोंढा दोन मिनिटांहून अधिक काळ दुसरे काही चालू देणार नाही, आणि शाखेतला लहान राउटर त्याआधीच कोलमडण्याची शक्यता मोठी. मेमरी भरपूर आहे हा विश्वासही सावधपणे बाळगावा. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक टेबलने ५१२ के ही मर्यादा गाठली, तेव्हा फॉरवर्डिंग हार्डवेअरमध्ये तेवढीच जागा राखलेले अनेक जुने राउटर अडखळले आणि ठिकठिकाणी सेवा खंडित झाल्या. स्टब एरियातल्या राउटरपर्यंत टाइप ५ चा असा लोंढा पोहोचतच नाही. एलएसएच्या दृष्टीने त्या दिवशी त्याच्यासाठी काही घडलेलेच नसते.

हे संरक्षण उलट दिशेनेही चालते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. राज्यभर शाखा असलेली एखादी सहकारी बँक कल्पा : मुंबईत मुख्यालय, पुणे आणि नागपूर येथे मोठी केंद्रे, तालुक्यांच्या ठिकाणी शाखा. शाखांमधले राउटर अनेकदा तिथल्याच कंत्राटदाराच्या हाती असतात. एखाद्याने तिथे स्टॅटिक राउट लावला आणि तो ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट केला, तर साध्या एरियात तो टाइप ५ बनून मुख्यालयापर्यंत जातो आणि भलत्याच पत्त्याची वाहतूक शाखेकडे ओढू शकतो. स्टब एरियात बाह्य मार्ग आणणारा राउटर असूच शकत नाही. आतले राउटर टाइप ५ एलएसए स्वीकारतच नाहीत, टाकून देतात. परिघावरची चूक परिघावर थांबते. याला पूर्ण सुरक्षा समजू नये. शाखेच्या राउटरने भलता पत्ता स्वतःच्या इंटरफेसवर बसवून आपल्या राउटर एलएसएमध्ये जाहीर केला, तर स्टब एरिया तो अडवत नाही; त्यासाठी एबीआरवर पत्त्यांची मर्यादा घालावी लागते आणि ओएसपीएफचे ऑथेंटिकेशन लावावे लागते. तरीही चुकीची एक मोठी जात मुळातच अशक्य करून टाकणे हे लहान काम नव्हे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे : राउटरला कमी कळले तर तो वाईट मार्ग निवडेल. हे खरे आहे. आपल्या बँकेच्या विदर्भातल्या शाखा एका एरियात आहेत आणि त्या एरियाला नागपूर व पुणे असे दोन एबीआर आहेत. एखादी बाहेरची सेवा पुण्याहून जवळ असली तरी अकोल्याचा राउटर डीफॉल्ट राउट पाहून ती वाहतूक नागपूरला देईल, आणि ती लांबच्या वाटेने जाईल. आरएफसी २३२८ ही किंमत लपवत नाही. सारांश गाळल्यास मार्ग सर्वोत्तम राहणार नाहीत, मात्र राउटिंग चालू राहील, असे तो सांगतो. स्टब कुठे योग्य याचा निकषही त्याने दिला आहे : एरियातून बाहेर पडायला एकच दार असेल, किंवा प्रत्येक बाह्य ठिकाणासाठी वेगळे दार निवडण्याची गरज नसेल. या वादावर आयएस-आयएस या दुसऱ्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलचा इतिहास बोलका आहे. त्यात लेव्हल १ एरियाचा राउटर मुळातच टोटली स्टबीसारखा वागत होता. बाहेरचे काहीही जवळच्या सीमावर्ती राउटरकडे द्यायचे, एवढेच त्याला ठाऊक. ही रीत काही ठिकाणी महागात पडली, म्हणून २००० साली आरएफसी २९६६ ने निवडक मार्ग खालच्या पातळीवर उतरवण्याची वाट करून दिली. एक प्रोटोकॉल सगळे सांगण्यापासून निघाला आणि त्याला झाकण्याची सोय करावी लागली. दुसरा झाकण्यापासून निघाला आणि त्याला उघडण्याची सोय करावी लागली. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. किती सांगायचे हे प्रोटोकॉलवर सोपवता येत नाही, ते नेटवर्क चालवणाऱ्यालाच ठरवावे लागते. विदर्भातल्या शाखांची जवळपास सगळी वाहतूक बँकेच्याच सर्व्हरकडे जात असेल तर साधा स्टब पुरेसा आहे. त्यात टाइप ३ सारांश आत येतात, त्यामुळे पुणे की नागपूर ही निवड आतल्या ठिकाणांसाठी अचूक राहते आणि नुकसान फक्त बाह्य ठिकाणांपुरते उरते.

तिसरा आक्षेप अनुभवी अभियंते घेतात आणि तो सर्वांत नेमका आहे : डीफॉल्ट राउट आश्वासन देतो, पण खात्री देत नाही. नागपूरच्या एबीआरचा बॅकबोनशी संबंध तुटला आणि शाखांकडच्या लिंक चालूच राहिल्या, तर त्याचे टाइप ३ सारांश नाहीसे होतात. डीफॉल्ट राउटही नाहीसा होईल का, हे मात्र उपकरणावर अवलंबून आहे. मूळ विनिर्देशानुसार एकाहून अधिक एरियांना जोडलेला राउटर बॅकबोनशी संबंध नसतानाही एबीआर ठरतो, आणि त्यातून पॅकेट वाया जाऊ शकतात. म्हणूनच २००३ च्या आरएफसी ३५०९ मध्ये एबीआरच्या पर्यायी व्याख्यांची चर्चा झाली. यावर उपाय आहेत. दोन एबीआरना जोडणारी लिंक एरिया शून्यमध्ये ठेवली, तर एकाचा बाहेरचा रस्ता तुटला तरी दुसऱ्यामार्फत बॅकबोन हाती राहतो. आपल्या उपकरणाचे वर्तन लिंक उपटून प्रत्यक्ष पाहावे. शिवाय सगळे उत्पादक सारखे वागत नाहीत. सिस्कोचा एबीआर स्टब एरियात डीफॉल्ट राउट आपोआप सोडतो आणि त्याची कॉस्ट १ धरतो. जुनिपरच्या जुनॉसमध्ये डीफॉल्ट मेट्रिक दिल्याशिवाय तो जाहीर होत नाही. सिस्कोवरच्या साध्या एनएसएसएमध्येही डीफॉल्ट राउट वेगळा मागावा लागतो. बाहेरचे मार्ग बंद केले आणि डीफॉल्ट राउट आलाच नाही, तर तो एरिया बाहेरच्या जगाला मुकतो. स्टब एरियाबद्दलच्या बऱ्याच तक्रारी या एका दुर्लक्षातून उगवतात.

चौथा आक्षेप काळाचा आहे. मोठे सेवा पुरवठादार अनेकदा एकच सपाट एरिया चालवतात आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये बीजीपीच सर्वत्र वापरण्याची रीत रुळली आहे; २०१६ चा आरएफसी ७९३८ तिचेच वर्णन करतो. मग स्टब कशाला? पण सपाट एरिया चालवणारा पुरवठादार ग्राहकांचे आणि इंटरनेटचे मार्ग ओएसपीएफमध्ये आणतच नाही. ते तो बीजीपीकडे ठेवतो. म्हणजे अनावश्यक माहितीला आत येऊ न देण्याचे तत्त्व त्यानेही पाळलेले असते, फक्त रेघ दुसरीकडे ओढलेली असते. बँका, विद्यापीठे, वीजवितरण कंपन्या, जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत पसरलेली सरकारी कार्यालये यांची रचना मुळातच मध्य आणि परीघ अशी असते, आणि तिथे स्टब एरिया चपखल बसतो. जिथे तो बसत नाही ते येथेच सांगितले पाहिजे. बॅकबोन स्टब होऊ शकत नाही. ज्या एरियातून व्हर्च्युअल लिंक न्यायची आहे तो स्टब करता येत नाही. आणि एलडीपीवर चालणाऱ्या एमपीएलएस नेटवर्कमध्ये टोटली स्टबी एरिया घातक ठरतो, कारण एलडीपीला पलीकडच्या राउटरच्या लूपबॅकचा तंतोतंत मार्ग टेबलमध्ये हवा असतो. डीफॉल्ट राउटने पिंग जातो, पण लेबलचा मार्ग जुळत नाही आणि वरच्या सेवा बंद पडतात.

कॉन्फिगरेशनची आज्ञा एका ओळीची असते. शिस्त मात्र साऱ्या एरियाची लागते. प्रत्येक हॅलो पॅकेटमध्ये ई नावाचा एक बिट असतो आणि आपण हा एरिया स्टब मानतो की नाही हे तो सांगतो. दोन राउटरचे उत्तर जुळले नाही तर ते शेजारी होतच नाहीत. नवशिक्याला हा जाच वाटतो, पण अर्ध्यांनी टाइप ५ घ्यावे आणि अर्ध्यांनी टाकावेत अशी अवस्था येऊ नये म्हणून ही कडक अट आहे. तिचा व्यावहारिक अर्थ असा की चालू एरिया स्टबमध्ये बदलताना शेजारसंबंध तुटणारच. हॅलो दहा सेकंदांनी आणि डेड इंटरव्हल चाळीस सेकंदांचा असेल, तर फार तर चाळीस सेकंदांत तुटेल. एबीआर आधी बदलला तर लांबच्या राउटरकडे जाण्याची वाट आपल्याच हाताने बंद होते. म्हणून सर्वांत लांबच्या राउटरपासून सुरुवात करावी, एबीआर शेवटी बदलावा आणि हे काम कामकाजाची वेळ सोडून करावे. सारांश अडवण्याची नो-समरी ही जोड फक्त एबीआरवर लागते, आतल्या राउटरवर साधा स्टब पुरतो. दोन एबीआर असतील तर डीफॉल्ट राउटची कॉस्ट दोघांवर सारखीच असावी अशी अट नाही. नागपूरवर १० आणि पुण्यावर १०० ठेवली, तर एरियातल्या अंतराची कॉस्ट मिळवूनही सहसा नागपूर पहिले आणि पुणे राखीव राहते. शेवटी डेटाबेस उघडून तपासावा : टाइप ५ एकही नसावा आणि ०.०.०.० चा सारांश प्रत्येक एबीआरकडून आलेला असावा.

पुढील पाने वाचताना वाचकाने आज्ञांपेक्षा त्यांच्यामागच्या निर्णयाकडे लक्ष द्यावे, ही विनंती आहे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एफआरराउटिंग किंवा बर्ड हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लिनक्स संगणकावर चालते आणि चार-पाच आभासी राउटर उभे करून येथील प्रत्येक विधान तपासून पाहता येते : टाइप ५ खरोखर थांबतात का, ई बिट जुळला नाही तर काय होते, एबीआरचा बॅकबोन तुटल्यावर डीफॉल्ट राउट राहतो की जातो. त्यानंतर स्वतःच्या नेटवर्कचा आराखडा समोर घ्यावा आणि प्रत्येक एरियासाठी एकच प्रश्न लिहून त्याचे उत्तर द्यावे : इथल्या राउटरला बाहेरचा प्रत्येक मार्ग वेगळा कळल्याने त्याचा एखादा तरी निर्णय बदलतो का? उत्तर 'नाही' असेल, तर तो एरिया स्टब करा.